वरच्या दाराची किल्ली

प्रति,
फोर्ट आणि कुलाबा भागातल्या जुन्या चर्चचे विश्वस्त, जुन्या सरकारी इमारती ज्यांच्या ताब्यात आहेत ती खाती, आणि वारसा वास्तूंच्या फायलींवर सही करणारे सर्व अधिकारी यांस

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या चौथ्या अर्जाला उत्तर आलं. इंग्रजीत, दोन ओळींचं. सुरक्षेच्या कारणामुळे चर्चच्या मनोऱ्यावर जाता येणार नाही, आणि आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. पहिल्या तीन अर्जांना तेवढंही आलं नव्हतं, तेव्हा आभार मीही मानायला हवेत. पण पाचवा अर्ज आता ऑफिसच्या पेटीत टाकत नाही. तो इथे, सगळ्यांना वाचता येईल असा लिहिते आहे. ज्या चर्चकडून उत्तर आलं त्याचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, आणि जिन्याला कुलूप घालून बसलेलं ते काही एकटंच नाही.

माझा या जिन्याशी संबंध काय, ते आधी सांगते. माझे वडील गिरगावात घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे चाळीच्या जिन्याखालची जागा, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. त्याखेरीज भिंतीवरच्या, मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळांची दोन-तीन कामं त्यांच्याकडे होती. त्यातलं एक या चर्चचं. दर सोमवारी सकाळी सातला अण्णा किल्ली द्यायला जायचे. आपल्याकडे घड्याळाला किल्ली देतात आणि कुलपालाही किल्लीच लागते. अण्णांकडे दोन्ही असायच्या.

१९७५च्या दिवाळीच्या सुट्टीत ते मला पहिल्यांदा वर घेऊन गेले. मी नऊ वर्षांची होते. खालचं दार इतकं बुटकं की अण्णांनाही वाकावं लागायचं. आत दगडी चक्री जिना, कठड्याऐवजी भिंतीला कड्यांमधून ओवलेला जाड दोर, शेकडो हातांनी धरून धरून काळा, गुळगुळीत झालेला. मी पायऱ्या मोजल्या. १०४ भरल्या. अण्णा म्हणाले, "१०३ आहेत. एक तू दोनदा मोजलीस." मग घड्याळाची खोली. लोखंडी तारेला टांगलेली दोन वजनं, आठ दिवसांत हळूहळू तळाला आलेली. एक चालीचं, एक ठोक्यांचं. अण्णा हँडल लावून ती वर चढवायचे आणि तोंडाने वेढे मोजायचे. मधे कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. त्या दिवशी आम्ही वर असतानाच आठचे ठोके पडले. इतक्या जवळून घंटा कानाला ऐकू येत नाही हो, पोटात ऐकू येते. मी अण्णांचा शर्ट घट्ट धरून उभी होते. ठोके संपल्यावर त्यांनी लाकडी झडप उघडली. खाली झाडांचे शेंडे, कौलं, पलीकडे गोदीतल्या क्रेन, आणि त्यापलीकडे समुद्र. आपण समुद्राच्या इतक्या जवळ राहतो हे मला त्या दिवशी कळलं. गिरगावात राहून!

अण्णांची एक वही माझ्याकडे आहे. दर सोमवारची एक ओळ. "२ मि. मागे. तेल दिले." "पावसाचे पाणी खोलीत. कळवले." "कबुतर अडकले, काढले." तीस-एक वर्षांची अशी वही आहे. पुढे अण्णा थकले, ते काम कुणाला दिलं गेलं ठाऊक नाही. आज ते घड्याळ सव्वाचारला थांबलेलं आहे. दिवसातून दोनदा तरी बरोबर असतं, हा विनोद माझ्यासमोर कृपा करून करू नका.

मी चौतीस वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे आपलं काय आहे आणि काय बंद आहे, हे थोडं विस्ताराने लिहिणारच.

चर्चचे घुमट बघायला म्हणून कुणी फोर्टात आलं तर हिरमुसेल. आपल्याकडच्या इंग्रजी चर्चना घुमट नाहीत, मनोरे आहेत, टोकदार शिखरं आहेत. घुमट गेले कुणाकडे? एक टपालाकडे, एक रेल्वेकडे, एक महापालिकेकडे, एक म्युझियमकडे. जीपीओची, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाची, इमारत १९१३मध्ये पुरी झाली. जॉन बेग या वास्तुकाराने तिच्या घुमटासाठी थेट विजापूरचा गोलघुमट डोळ्यापुढे ठेवला होता. म्हणजे आदिलशहाच्या कबरीवरचा घुमट मुंबईत पार्सलं आणि रजिस्टर्ड पत्रांवर येऊन बसला. आणि बघा, विजापूरला मूळ घुमटात आपण जातो. कोपऱ्यातल्या सात मजली बुरुजाच्या जिन्याने धापा टाकत चढतो, वर सज्जात उभे राहतो, एकाने भिंतीशी कुजबुजायचं आणि दुसऱ्याने समोरून ऐकायचं. माझ्या पिढीच्या किती शाळांच्या सहली तिथे गेल्या असतील! इमारत १६५६ची. साडेतीनशेहून जास्त वर्षांच्या जिन्यावरून आपली मुलं चढू शकतात आणि शंभर-दीडशे वर्षांच्या जिन्यावरून नाही, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

आता चर्च. ज्याच्यामुळे चर्चगेट स्टेशनला चर्चगेट म्हणतात ते सेंट थॉमस कॅथेड्रल. रोज लाखो माणसं चर्चगेटला उतरतात. त्यातल्या दहांना विचारा, कुठलं चर्च आणि कुठलं गेट? गेट किल्ल्याच्या तटाबरोबर १८६०च्या दशकात पडलं. चर्च मात्र हॉर्निमन सर्कलपाशी उभं आहे. पाया घातला गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, १६७६मध्ये. मग काम चाळीसेक वर्षं तसंच पडून राहिलं (मुंबईतली रखडलेली बांधकामं काही आजची नाहीत), आणि १७१८च्या नाताळात ते उघडलं. मनोरा १८३८चा. मुंबईतले मैलाचे जुने दगड याच जागेपासून अंतर मोजत. म्हणजे या शहराचा शून्य तिथे आहे. दारातलं कारंजं दिलं एका पारशाने, कावसजी जहांगीर यांनी. २००४मध्ये या इमारतीच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. असं काम आपल्याकडे होऊ शकतं, याचा तो पुरावाच आहे.

नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोरचं सेंट अँड्र्यूज, स्कॉटिश लोकांचं, १८१९चं. तिकडे कुलाब्याच्या टोकाला अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या शिपायांच्या आठवणीसाठी बांधलेलं, १८५८मध्ये प्रार्थनेला खुलं झालं. शिखर पुरं व्हायला १८६५ उजाडलं. ते १९८ फूट उंच आहे आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना लांबून खूण म्हणून उपयोगी पडायचं. त्याच्या घंटा इंग्लंडहून आल्या, आठ, १९०४मध्ये. चर्चच्या घंटा मराठी माणसाला परक्या आहेत असं कुणी म्हणू नये. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या पोर्तुगीज घंटा आपण मेणवलीला आणि भीमाशंकरला टांगल्या, आणि आजवर त्या आपल्याच देवळात वाजतात. भीमाशंकरला त्या घंटेखाली उभं राहून फोटो काढता येतो. कुलाब्यातल्या घंटा बघायच्या तर?

आता गाऱ्हाणी.

पहिलं गाऱ्हाणं "सुरक्षा" या शब्दाचं. जिना खरंच धोक्याचा असेल तर मला वर जायचं नाही, नातवंडांना तर मुळीच न्यायचं नाही. पण धोका कुणी तपासला, कधी तपासला, कुठली पायरी सैल आहे, कुठला दगड सुटलाय, याचा एक कागद तरी दाखवा. चारही अर्जांत मी हेही मागितलं होतं. कागद नसेल तर त्याला सुरक्षा म्हणत नाहीत, कुलूप म्हणतात. त्यात भर म्हणजे दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी मी त्याच रस्त्याने जात असताना मनोऱ्याच्या झडपांतून झगझगीत उजेड बाहेर येत होता. कुठल्याशा जाहिरातीचं शूटिंग. वर लाइटचे स्टँड, वायरी, पंधरा-वीस माणसं. मी वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, परमिशन आहे. पैसे भरून शूटिंग करायला माझी हरकत नाही. त्या पैशांतून छपराची डागडुजी होत असेल तर शंभर शूटिंगं करा. पण जो जिना दिव्यांना आणि स्टँडना पेलतो, तो घड्याळजीच्या मुलीला का पेलत नाही? माझं वजन ५२ किलो आहे.

राजाबाई टॉवरची गोष्ट वेगळी आहे, हे मला कळतं. मुंबई विद्यापीठातला १८७८चा तो मनोरा, प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने पैसा देऊन उभा केलेला, २८० फुटांचा. त्याच्याशी दुःखद मृत्यू जोडलेले आहेत आणि त्यांच्याकडे काणाडोळा करून मी काही मागणार नाही. पण उंचीवरून माणूस पडू नये यासाठी जाळी असते, माणसासोबत माणूस असतो. रोमला सेंट पीटर्सच्या घुमटावर ५५१ पायऱ्या चढून रोज लोक जातात. ते काय बेफिकीर आहेत?

दुसरं गाऱ्हाणं मला सगळ्यांत जास्त छळतं. वर कुणी जात नाही, त्यामुळे वर काय चाललंय ते कुणालाच माहीत नसतं. या चर्चसमोरच्या एका इमारतीत माझी जुनी मैत्रीण नोकरीला होती. तिच्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून मनोऱ्याचा कठडा सरळ समोर दिसतो. तीन पावसाळ्यांपूर्वी तिने मला बोलावून दाखवलं. कठड्याच्या कोपऱ्यात, पन्हळीच्या तोंडापाशी, पिंपळाचं रोप. चार पानं. तांबूस, कोवळी, वाऱ्यावर सळसळणारी. फार देखणी दिसत होती. मी खाली जाऊन ऑफिसात सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात ते रोप गुडघाभर झालं. यंदा ते माझ्या उंचीचं आहे, आणि त्याच्या खालच्या दगडांच्या दोन दरजा फाकलेल्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. जुन्या दगडी बांधकामाची दरज चुन्याची असते. पिंपळाच्या मुळाला ती मऊ भाकरीसारखी. मूळ शिरतं, जाड होतं, दगड सरकतो, मग पावसाचं पाणी आत जातं. त्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी पूर्वी सिमेंटचं ठिगळ मारलेलं आहे, तेही चुकीचं. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती शेजारच्या दगडात मुरते आणि त्याचा पापुद्रा सुटतो. हे मी इंजिनीयर म्हणून सांगत नाही. अण्णांच्या वहीत लिहिलंय: "सिमेंट लावू नये असे सांगितले. लावले."

दर सोमवारी माणूस वर जात होता तोवर पाणी शिरलं की त्याच आठवड्यात कळत होतं. अडकलेलं कबुतर निघत होतं. पन्हळ तुंबली की हाताने मोकळी होत होती. मोठ्या जीर्णोद्धारासाठी कोट्यवधी रुपये गोळा करण्याआधी, आठवड्याला एक माणूस वर पाठवायचा खर्च किती येतो, कुणी काढलाय का? आणि दर शनिवारी तीस लोक वर गेले तर त्यांतला एकजण नक्की म्हणेल, अहो, इथे झाड उगवलंय. माझ्या मते वर जाणाऱ्या माणसांसारखी स्वस्त देखभाल दुसरी नाही.

तिसरं. करोनाच्या आधीच्या वर्षी मी पाचवीची ३४ मुलं घेऊन फोर्ट दाखवायला आले होते. लालबाग-परळची मुलं. फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. कोकणातलाच होता, नम्रपणे बोलला. "बाई, मुलांना आत नको. मला वरून सांगितलंय." एका पोराने मान वर करून मनोऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, वर कोण असतं?" वॉचमन म्हणाला, "वर कुणी नसतं रे बाळा." सगळे हसलो, तोही हसला. मग आम्ही फुटपाथवरूनच चर्च बघितलं. बाहेरची पाटी इंग्रजीत. मीच भाषांतर करून सांगितलं. मराठी शाळेतल्या मुलाला त्याच्या शहरातली तीनशे वर्षांची इमारत दाखवायची तर तिच्याबद्दल चार ओळी मराठीत असू नयेत? मग पुढे तीच मुलं मोठी होऊन म्हणतात की हे सगळं साहेबाचं, आपला काय संबंध. संबंध कसा नाही? त्या भिंतींचे दगड कुणी घडवले, कुणी वाहिले? पाटीवर वास्तुकाराचं नाव असतं. पाथरवटाचं नसतं. किल्ली देणाऱ्याचं तर नसतंच.

विश्वस्तांनो, तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. प्रार्थनेला येणारी कुटुंबं कमी होत चालली आहेत. दोनशे वर्षांचं छप्पर त्या थोड्या कुटुंबांच्या वर्गणीवर तोलायचं म्हणजे काय, ते मी समजू शकते. आमच्या वाडीतल्या देवळाचीही तीच कथा. शिवाय हे देवाचं घर आहे, पर्यटनस्थळ नव्हे. रविवारची उपासना, लग्नं, अंत्यविधी, गुड फ्रायडेचा आठवडा, या काळात कुणी पाय ठेवू नये, मोबाइल तर मुळीच काढू नये. मला चर्च सरकारजमा करायचं नाही. किल्ली तुमच्याकडेच राहू दे. फक्त ती कधीतरी कुलपात फिरवा.

अधिकाऱ्यांनो, तुमची बाजूही बघते. वारसा वास्तूंची नियमावली देशात पहिल्यांदा मुंबईत आली, १९९५मध्ये. त्या नियमावलीमुळे कितीतरी इमारती वाचल्या. फोर्टमधल्या गॉथिक आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. महापालिकेच्या मुख्यालयात २०२१मध्ये सामान्य माणसांसाठी हेरिटेज वॉक सुरू झाला, तेव्हा मी पहिल्या महिन्यातच जाऊन आले. घुमटाखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं. मोर्च्याशिवाय कधी आत न गेलेली माणसं त्या दिवशी तिथे रांगेत उभी होती. तेव्हा हे जमत नाही असं म्हणू नका. जमतं.

माझ्या मागण्या अशा.

ज्या ज्या चर्चला मनोरा आणि ज्या ज्या सरकारी इमारतीला घुमट आहे, तिथल्या जिन्याचं आणि माथ्याचं स्ट्रक्चरल ऑडिट, जुन्या दगड-चुन्याची जाण असलेल्या माणसाकडून, येत्या मार्चच्या आत व्हावं. चर्चना हा खर्च परवडणार नाही, तो सरकारने किंवा महापालिकेने उचलावा. अहवाल मराठीत आणि इंग्रजीत दारावर लावावा. जिथे धोका आहे तिथे खुशाल लिहा "बंद", पण कशामुळे आणि कधीपर्यंत तेही लिहा.

जिथे धोका नाही तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून दोन शनिवार सकाळी, एका वेळी आठ-दहा जणांना, सोबत माणूस देऊन वर न्यावं. पावसाळ्यात नाही. शंभर रुपये तिकीट ठेवा, महापालिकेच्या शाळांना फुकट. आणि तो पैसा त्याच छपरावर खर्च व्हावा, दुसरीकडे वळू नये. ज्यांना गुडघ्यांमुळे चढवत नाही त्यांच्यासाठी खाली एका पडद्यावर वरचं दृश्य दाखवता येईल, आता त्याला फार पैसे लागत नाहीत.

मराठी पाटी. यावर जास्त काय लिहू?

थांबलेली घड्याळं चालू करावीत. यंत्रं बहुतेक जागेवरच असतील. अशी घड्याळं सहसा बिघडून थांबत नाहीत, किल्ली द्यायला माणूस नसतो म्हणून थांबतात. एका घड्याळाला दर सोमवारी फुकट किल्ली द्यायला मी तयार आहे. वेढे किती द्यायचे ते वहीत लिहिलेलं आहे: चालीला ६०, ठोक्याला ९०. पायऱ्या १०३.

उत्तराची वाट बघते. मराठीत असलं तर बरं, इंग्रजीत असलं तरी चालेल, फक्त दोन ओळींपेक्षा थोडं मोठं असावं.

आपली,
एका घड्याळजीची मुलगी
गिरगाव, मुंबई

ता. क. बाकीचं राहू दे हवं तर, पण पिंपळ तेवढा या पावसाळ्यानंतर लगेच काढा. कोयत्याने वरवर छाटू नका, दुप्पट जोमाने येतो. मूळ कुठवर गेलंय ते बघून, दरज मोकळी करून काढा आणि ती चुन्यानेच भरा.